फिल्म ‘पुश’ करतात म्हणजे नेमकं काय करतात?

मे महिन्यातल्या एका दुपारी मी घरी पहिल्यांदा रोल धुतला. गच्चीवरच्या टाकीतून नळाला येणारं पाणी, बाथरूमच्या दाराच्या फटीत कोंबलेली चादर आणि चिठोऱ्यावर उतरवून घेतलेला एक आकडा: साडेसात मिनिटं. थर्मामीटर नव्हता, आणि तो लागतो हेही माहीत नव्हतं. निगेटिव्ह दोरीला चिमट्याने टांगून उजेडासमोर पाहिली, तर आकाश, पांढरे सदरे, चुन्याने रंगवलेल्या भिंती, जे जे उजळ होतं ते ते डांबरासारखं झालेलं. निगेटिव्हवर उजळ गोष्ट काळी येते हे खरं, पण इतकी काळी की पलीकडचा दिवाही दिसू नये? मला वाटलं, कॅमेऱ्याचा प्रकाश मोजणारा मीटर गेला. आणखी दोन रोल तसेच निघाले तेव्हा ते घेऊन ओळखीच्या एका काकांकडे गेलो. त्यांनी तीसेक वर्षं वर्तमानपत्रासाठी फोटो काढले होते. निगेटिव्ह खिडकीकडे धरून त्यांनी एवढंच विचारलं, “पाणी किती गरम होतं?” आणि मग म्हणाले, “मीटर ठीक आहे तुझा. तू रोल पुश केलायस, फक्त तुला ते माहीत नाही.”

फिल्मवर फोटो काढणारी तरुण मुलं आता पुन्हा दिसायला लागली आहेत आणि हा शब्द त्यांच्या तोंडी सारखा असतो. “चारशेची फिल्म सोळाशेला वापरली”, “दोन स्टॉप पुश केली”, “लॅबला सांग एक स्टॉप पुल कर.” बहुतेकांची समजूत अशी असते की पुश केलं की फिल्मची ताकद वाढते, चारशेची फिल्म खरोखरच सोळाशेची होते. तसं होत नाही. मग होतं काय, हे एकदा नीट कळलं की कुठला रोल पुश करावा आणि कुठला करू नये, हे दुसऱ्याला विचारावं लागत नाही. म्हणून हा लेख.

आधी एका शब्दाचा अर्थ पक्का करू. फिल्मच्या डबीवर आयएसओचा आकडा असतो: १००, २००, ४००. आकडा दुप्पट झाला की निम्म्या प्रकाशात भागतं. प्रकाशाच्या या दुपटीला किंवा निमपटीला स्टॉप म्हणतात. ४०० वरून ८०० हा एक स्टॉप, ८०० वरून १६०० हा आणखी एक. शटरचंही तेच. १/३० सेकंदाऐवजी १/६० लावलं की फिल्मपर्यंत निम्मा प्रकाश पोचतो, १/१२५ लावलं की पाव.

आता समजा, पुण्यात अनंत चतुर्दशीची रात्र आहे, तुम्ही लक्ष्मी रोडवर उभे आहात आणि समोर ढोल-ताशाचं पथक आहे. कॅमेऱ्यात ४०० ची कृष्णधवल फिल्म. लेन्स एफ २ पर्यंत पूर्ण उघडलेली. मीटर म्हणतो १/३० सेकंद. पण १/३० ला ढोलावर पडणारं टिपरू नुसता धुराचा पट्टा होणार, आणि गर्दीत धक्के खाताना तुमचाही हात स्थिर राहणार नाही. तेव्हा तुम्ही कॅमेऱ्याची आयएसओची चकती ४०० वरून १६०० वर फिरवता. मीटर लगेच म्हणतो १/१२५. टिपरू हवेत थांबलेलं मिळतं.

पण इथे फिल्म बदललेली नाही. चकती कॅमेऱ्याच्या मीटरशी बोलते. फिल्मला ती दिसतच नाही. फिल्मच्या दृष्टीने एवढंच घडलं की प्रत्येक फ्रेमला हवा होता त्याच्या पाव प्रकाश मिळाला. हा पुशचा पहिला अर्धा भाग. तेवढंच करून रोल नेहमीच्या वेळेला धुतला तर निगेटिव्ह पातळ, फिकट येणार. दुसरा अर्धा भाग डेव्हलपिंगच्या टाकीत होतो: रोल डेव्हलपरमध्ये, म्हणजे प्रतिमा उमटवणाऱ्या रसायनात, नेहमीपेक्षा जास्त वेळ ठेवायचा, म्हणजे फिकी पडणारी प्रतिमा गडद होते. कमी प्रकाश द्यायचा आणि जास्त वेळ डेव्हलप करायचं, या दोन्ही मिळून पुश. पुल याच्या उलट: प्रकाश जास्त, डेव्हलपिंग कमी.

टाकीतला तो जास्तीचा वेळ नेमकं काय करतो, हा खरा प्रश्न आहे. त्यासाठी फिल्मच्या आत डोकवावं लागेल.

फिल्मवर जिलेटिनचा थर असतो आणि त्यात सिल्व्हर हॅलाइडचे अतिसूक्ष्म स्फटिक विखुरलेले असतात. एखाद्या स्फटिकावर पुरेसा प्रकाश पडला की त्याच्यावर चांदीच्या मोजक्या अणूंचा, अगदी चार-पाच अणूंचा, एक ठिपका तयार होतो. तो डोळ्याला दिसत नाही, साध्या सूक्ष्मदर्शकालाही नाही. याला सुप्त प्रतिमा म्हणतात. ती कशी तयार होते याचा समाधानकारक खुलासा रोनाल्ड गर्नी आणि नेव्हिल मॉट या दोन भौतिकशास्त्रज्ञांनी १९३८ मध्ये केला. तोवर जग जवळजवळ शंभर वर्षं फोटो काढत होतं. डेव्हलपर त्या ठिपक्यापासून सुरुवात करतो आणि बघता बघता अख्ख्या स्फटिकाची काळी चांदी करून टाकतो. ज्या स्फटिकावर ठिपकाच नाही, त्याला तो हात लावत नाही. निदान लवकर तरी लावत नाही.

घरात दही लावणाऱ्या कुणालाही हे लगेच समजेल. सुप्त प्रतिमेचा ठिपका म्हणजे विरजण. डेव्हलपर म्हणजे ऊब आणि वेळ. दुधाच्या दहा वाट्या ओट्यावर मांडल्या, काहींत चमचाभर विरजण घातलं, काहींत थेंबभर आणि काहींत घातलंच नाही. सगळ्या वाट्या रात्रभर ठेवल्या तर चमचाभरवाल्या वाट्या घट्ट लागतील, थेंबवाल्या जेमतेम धरतील. आता आणखी चार तास ठेवा. थेंबवाल्या वाट्या बऱ्यापैकी लागतात, हा फायदा. चमचाभरवाल्या आंबट होतात, हा तोटा. आणि ज्यांत विरजण नव्हतं त्यांचं दही होत नाही, कितीही वेळ ठेवलं तरी. फार ठेवलं तर ते दूध आपोआप नासतं. फिल्मवरही अगदी असंच नासणं असतं. प्रकाश न लागलेले स्फटिकसुद्धा फार वेळ डेव्हलपरमध्ये राहिले की आपोआप थोडे काळे पडायला लागतात आणि सगळ्या निगेटिव्हवर एक राखाडी पडदा चढतो. त्याला फॉग म्हणतात.

वाट्यांच्या जागी आता विसर्जनाची फ्रेम ठेवा. रस्त्यावरचे दिवे, त्या दिव्यांत उजळलेले पांढरे सदरे म्हणजे चमचाभर विरजणाच्या वाट्या. चेहरे, हात म्हणजे थेंबवाल्या. आणि ढोलाच्या सावलीतली बाजू, काळे केस, मागच्या वाड्याचा अंधारा दरवाजा: इथे पाव प्रकाशात विरजण पडलंच नाही. जास्तीच्या वेळाने चेहरे वर येतात. सदरे आणि दिवे त्याहून जोरात वर जातात. दरवाजा जिथल्या तिथे राहतो. आडात नाही ते पोहऱ्यात कुठून येणार? मला सांगायचं आहे ते सगळं या म्हणीत आलं. सावलीतला तपशील शटर उघडं असतं त्या क्षणी ठरतो, आणि टाकीत कितीही वेळ ओतला तरी तो मागाहून मिळत नाही. टाकीत ठरतो तो उजळ भागाचा गडदपणा.

हे मोजून दाखवण्याचं काम इंग्लंडमध्ये फर्डिनांड हर्टर आणि व्हेरो चार्ल्स ड्रिफिल्ड या दोघांनी केलं आणि १८९० मध्ये प्रसिद्ध केलं. त्यांनी प्रकाश किती आणि चांदी किती याचा आलेख काढला. आजही बहुतेक फिल्मच्या माहितीपत्रकात तोच आलेख असतो. त्याचा आकार आपल्या एखाद्या घाटासारखा आहे: पायथ्याला बराच वेळ सपाट, मग चढण, मग माथ्यावर पुन्हा सपाटी. पायथा म्हणजे सावल्या, माथा म्हणजे झगझगीत उजेड. डेव्हलपिंगचा वेळ वाढवला की चढण उभी होते. पायथा जवळजवळ हलत नाही. चढण उभी झाली म्हणजे फोटोतलं अंतर वाढलं, पांढऱ्या-काळ्यातला भेद तीव्र झाला. पुश केलेल्या फोटोचा तो सणसणीत, कोरड्या कोळशाने काढल्यासारखा तोंडवळा इथून येतो. दाणेही इथूनच येतात: चढण उभी असते तेव्हा स्फटिकांच्या पुंजक्यांमधला बारीकसा फरकही प्रिंटवर ठसठशीत दिसतो.

आणि आता डबीवरच्या आकड्याकडे पुन्हा बघा. कृष्णधवल निगेटिव्ह फिल्मचा आयएसओ मोजतात तो पायथ्याशी. फिल्म तिच्या स्वतःच्या पार्श्वभूमीपेक्षा जेमतेम ओळखू येण्याइतकी, घनतेच्या मापात ०.१ इतकी, गडद व्हायला किती प्रकाश लागला, यावरून तो आकडा ठरतो. म्हणजे आयएसओ हे सावलीचं माप आहे. पुश केल्याने पायथा हलत नसेल तर आयएसओही हलत नाही, किंवा फार तर स्टॉपच्या अर्ध्या-पाऊण भागाने हलतो. म्हणून जाणकार लोक “सोळाशेचा आयएसओ” न म्हणता “सोळाशेचा एक्स्पोजर इंडेक्स” म्हणतात. तो आकडा फिल्मचा गुण सांगत नाही. मी मीटर कुठे लावला होता तेवढंच सांगतो.

हे आकडे माणसांनी आपसांत ठरवलेले आहेत याचं एक छान उदाहरण आहे. कोडॅकची ट्राय-एक्स फिल्म १९५४ मध्ये छोट्या कॅमेऱ्यांसाठी आली तेव्हा तिच्यावर २०० लिहिलेलं असायचं. १९६० मध्ये अमेरिकेतल्या मानकातून सुरक्षेसाठी ठेवलेली प्रकाशाची जादा राखीव काढून टाकली आणि तीच फिल्म ४०० ची झाली. डबीतली चांदी तीच होती.

आता प्रत्यक्ष मिनिटांकडे वळू. इलफर्डची एचपी५ प्लस ही आज सगळ्यात जास्त पुश होणाऱ्या फिल्मपैकी एक. त्यांच्याच तक्त्याप्रमाणे आयडी-११ डेव्हलपर पाणी न मिसळता २० अंश सेल्सिअसला वापरला, तर ४०० साठी साडेसात मिनिटं, ८०० साठी साडेदहा, १६०० साठी १४. इथे नवख्याला एक गोष्ट खटकते. प्रकाश पाव झाला, मग वेळ चौपट का नाही, दुपटीहूनही कमी कसा? कारण आपण हरवलेला प्रकाश भरून काढतच नाही आहोत. आपण फक्त चेहरे आणि हात प्रिंटवर नेहमीच्या उजेडात दिसतील एवढी चढण उभी करतोय. खालचं जे गेलं ते सोडून दिलंय.

एका स्टॉपचं तर एवढंही करावं लागत नाही. ट्राय-एक्स ८०० ला वापरली तरी नेहमीच्याच वेळेला धुवा, असा सल्ला कोडॅक स्वतः देतं. फिल्ममध्ये तेवढी सैल असतेच. खरा पुश दोन स्टॉपला सुरू होतो. तीन स्टॉपला, म्हणजे ३२०० ला, तुम्ही फोटोचा अर्धा भाग अंधाराला देऊन टाकलेला असतो आणि ते ठरवूनच करायला हवं.

डेव्हलपर कुठला, यानेही फरक पडतो. काही डेव्हलपर पायथ्यालाही किंचित उचलतात. इलफर्डचे मायक्रोफेन आणि डीडी-एक्स हे त्यातले. डीडी-एक्समध्ये एचपी५ प्लस ३२०० ला २० मिनिटं ठेवायची असते. उलट १८९१ पासून चालत आलेलं रोडिनल धार सुंदर देतं, पण सावल्या खातं; पुशसाठी मी ते वापरत नाही. हलवण्याचाही भाग आहे. टाकी उलटसुलट केली की ताजा डेव्हलपर फिल्मपाशी येतो. उजळ भागाजवळचा डेव्हलपर लवकर थकतो, सावलीजवळचा थकत नाही. तेव्हा टाकी कमी हलवली तर उजळ भागाला आपोआप लगाम बसतो आणि सावल्यांचं काम चालू राहतं. इलफर्ड दर मिनिटाच्या सुरुवातीला दहा सेकंदांत चार वेळा टाकी उलटायला सांगतं. दिव्यांच्या फ्रेमा भरपूर असतील तर मी त्या चारच्या दोन करतो, पण दोनाच्या खाली जात नाही. पूर्ण थांबवलं तर फिल्मवर पट्टे उमटण्याची भीती असते.

डबीवर ३२०० लिहिलेल्या फिल्म मिळतात त्यांचं काय, असं विचाराल. इलफर्डची डेल्टा ३२०० मोजमापाने आयएसओ १००० ची आहे. कोडॅकच्या टी-मॅक्स पी३२०० चंही तसंच, आणि तिच्या नावातला ‘पी’ म्हणजे पुशच. या फिल्मची चढण मुळात सौम्य ठेवलेली असते, म्हणजे पुश केल्यावर ती सहन होण्याइतकीच उभी होईल. पुशच करायचा हे गृहीत धरून बनवलेल्या या फिल्म आहेत, आणि ३२०० ला त्या ४०० च्या फिल्मपेक्षा नक्कीच बऱ्या वागतात.

मग पुश कधी करावा? प्रकाश कमी असेल तेव्हा, हे अर्धंच उत्तर झालं. प्रकाश कमी आणि सपाट असेल तेव्हा पुश फार छान वागतो. कोकणात जुलैमध्ये संध्याकाळी पडवीत बसलेल्या माणसाचा फोटो घ्या. बाहेर पाऊस, सगळीकडे सारखाच करडा उजेड, चेहऱ्यावर ना ऊन ना सावली. इथे वाढलेली चढण फोटोला जीव देते, कारण मुळात भेदच कमी होता. उलट प्रकाश कमी आणि भेद जास्त असेल, म्हणजे अंधाऱ्या खोलीत एकच उघडा बल्ब, तेव्हा पुश आगीत तेल ओततो. विसर्जनाची मिरवणूक या दुसऱ्या प्रकारातली आहे, आणि तरी तिथे मी पुश करतो, कारण तिथला अंधार मला खोटा वाटत नाही. माझ्याकडे अशी एक निगेटिव्ह आहे. तिच्यात टिपरू धरलेली मूठ, घामाने चमकणारं मनगट, सदऱ्याच्या बाहीची चुणी न् चुणी आहे. ढोलाच्या बाजूच्या दोऱ्यांची वीण मात्र नाही. तिथे फिल्म काचेसारखी कोरी आहे. त्या दोऱ्या त्या रात्री माझ्याही डोळ्यांना दिसल्या नव्हत्या. पण अंधाऱ्या मंगल कार्यालयात गर्द जांभळा शालू नेसलेल्या नवरीचा फोटो असा पुश केला, तर जरीचे काठ येतील आणि मधला सगळा शालू काळ्या गोळ्यात जाईल. ते ती आयुष्यभर बघणार आहे. तिथे फ्लॅश वापरावा, तिला खिडकीपाशी न्यावं, काहीही करावं, पण पुशवर विसंबू नये.

पुलबद्दल लोक कमी बोलतात. मला तो पुशइतकाच, किंबहुना आपल्या उन्हाच्या मुलखात जास्त, मोलाचा वाटतो.

वेरूळच्या कैलास लेण्यात भर दुपारी उभे राहा. अंगणातला दगडी हत्ती उन्हात, आणि भोवतीच्या ओवऱ्या काळ्या बसॉल्टच्या आत गडप. माझ्या मीटरवर उन्हातला दगड आणि ओवरीतली मूर्ती यांत सात स्टॉपचा फरक आला होता. म्हणजे एक दुसऱ्याच्या सव्वाशेपटीहून जास्त उजळ. नेहमीसारखं एक्स्पोजर आणि नेहमीसारखं डेव्हलपिंग केलं, तर प्रिंट करताना दोन्ही एका कागदावर बसत नाहीत. मूर्ती धरली तर हत्ती पांढरा फटक, हत्ती धरला तर ओवरी नुसती काळी पोकळी. इथे पुल. चकती ४०० वरून २०० वर आणायची, म्हणजे प्रत्येक फ्रेमला दुप्पट प्रकाश. ओवरीतल्या मूर्तीला हवं तेवढं विरजण पडतं. मग टाकीत वेळ कमी करायचा. आयडी-११ मध्ये बरोबरीने पाणी मिसळून एचपी५ प्लस ४०० साठी १३ मिनिटं असते, ती मी साडेदहा ठेवतो. दही आंबायच्या आत वाटी काढून घेतल्यासारखं. हत्ती काबूत राहतो, मूर्तीच्या खांद्यावरची गोलाई मिळते, दाणेही बारीक येतात.

प्रकाश देताना सावलीकडे बघा आणि डेव्हलप करताना उजेडाकडे, हा जुना नियम हेच सांगतो. तो शास्त्राच्या पातळीवर नेला अॅन्सेल अॅडम्स आणि फ्रेड आर्चर या अमेरिकन छायाचित्रकारांनी, १९३९-४० च्या सुमारास लॉस एंजेलिसमध्ये. त्यांची झोन पद्धत म्हणजे प्रत्येक दृश्यासाठी चढण किती उभी हवी ते आधी ठरवणं. त्यांना एक सोय होती: ते मोठ्या कॅमेऱ्यात सुट्या शीट वापरत आणि प्रत्येक शीट वेगळी धुता येई. आपल्या ३६ फ्रेमांच्या रोलला ही चैन नाही. रोल टाकीत जातो तो अख्खा, त्यामुळे पहिली दहा चित्रं उन्हात ४०० ला आणि पुढची रात्री १६०० ला काढली तर त्यातल्या एका गटाचं नुकसान ठरलेलं. चकती एकदा फिरवली की रोल संपेपर्यंत तिला हात लावायचा नाही. आणि रोल बाहेर काढल्या काढल्या डबीवर मार्करने आकडा लिहायचा. धुवायला दुसरीकडे देणार असाल तर तोंडी सांगून भागत नाही, पाकिटावर “१६०० ला काढली, २ स्टॉप पुश” असं लिहून द्यावं. दोन महिन्यांनी आपल्यालाच आठवत नाही, तर त्यांना कुठून आठवणार?

रंगीत फिल्मला हे सगळं लागू पडतं, पण तिथे एक जादा अडचण आहे. तिच्यात तीन रंगांचे तीन थर एकावर एक असतात आणि सी-४१ ही तिची प्रक्रिया ३७.८ अंशाला सव्वातीन मिनिटांच्या डेव्हलपिंगवर बेतलेली असते. वेळ बदलला की तिन्ही थर सारख्या प्रमाणात वाढत नाहीत. सावल्यांत हिरवट किंवा जांभळट झाक येते, आणि ती सगळ्या फोटोवर सारखी नसल्याने काढून टाकणंही अवघड. एका स्टॉपपर्यंत चालतं. त्यापुढे फार कारण असेल तरच. स्लाइड फिल्मचा पुश मात्र व्यवस्थित होतो. ई-६ प्रक्रियेत फक्त पहिल्या डेव्हलपरची वेळ, जी एरवी सहा मिनिटं असते, ती वाढवतात.

आणि एक गैरसमज. रंगीत ४०० ची फिल्म २०० ला वापरून नेहमीसारखीच धुवायला देतात, आणि “मी पुल केली” म्हणतात. तो पुल नव्हे. ते नुसतं एक स्टॉप जास्त एक्स्पोजर. निगेटिव्ह फिल्मला ते आवडतंही, सावल्या भरून येतात. पण टाकीत वेळ कमी केला नाही तोवर पुल झाला नाही.

आता स्कॅनर आले आहेत, तेव्हा पुशची गरज उरली का, असा प्रश्न रास्त आहे. पूर्वी फिकी निगेटिव्ह प्रिंट करताना कागदाच्या मर्यादा आड यायच्या, म्हणून निगेटिव्हच दमदार बनवावी लागे. आता फिक्या निगेटिव्हची चढण संगणकावर उभी करता येते. एक स्टॉप कमी प्रकाश मिळालेला रोल मी आता नेहमीच्या वेळेला धुतो. दोन स्टॉपला मात्र टाकीतच पुश करतो, कारण फार पातळ निगेटिव्ह संगणकावर ताणली की फिल्मच्या दाण्यांबरोबर स्कॅनरचा खरखराटही वर येतो.

राहता राहिलं ते पाण्याचं तापमान. माझ्या त्या मेमधल्या रोलचं काय झालं होतं? साडेसात मिनिटं ही वेळ २० अंशांची. गच्चीवरच्या टाकीतलं पाणी त्या दिवसांत सहज तिशी ओलांडतं. उन्हाळ्यात विरजण दुपारपर्यंतच आंबतं, तसाच डेव्हलपरही गरम पाण्यात भराभर चालतो. २० अंशाला १३ मिनिटं लागत असतील तर २४ अंशाला साधारण ९ पुरतात. मी तिशीपार २० ची वेळ दिली. म्हणजे भर उन्हात पूर्ण प्रकाश देऊन काढलेली फिल्म वरून घसघशीत पुशही करून बसलो. सावल्या सगळ्या शाबूत होत्या, उजेड मात्र जळाला होता. काकांनी खिडकीशी धरून ओळखलं ते यावरूनच: प्रकाश जास्त पडला असता तर सावल्याही जड झाल्या असत्या.

महाराष्ट्रातल्या बहुतेक गावांत वर्षातले कित्येक महिने २० अंश हे स्वप्नच असतं. मी उन्हाळ्यात टबात बर्फाचे तुकडे टाकून डेव्हलपर २४ ला आणतो, त्याच पाण्यात टाकी ठेवतो आणि २४ ची वेळ वापरतो. डेव्हलपरमध्ये बरोबरीने पाणी मिसळतो, कारण एकूण वेळ पाच मिनिटांच्या खाली गेला तर डेव्हलपिंग सगळीकडे सारखं होत नाही. पुढची रसायनं आणि धुण्याचं पाणीही त्याच्या आसपास ठेवतो. शंभर-दीडशे रुपयांचा थर्मामीटर ही माझ्या सामानातली सगळ्यात महत्त्वाची वस्तू आहे, लेन्सपेक्षाही.

यातलं काहीही माझ्या सांगण्यावरून मानू नका. एक रोल यासाठी खर्च करा. मी केला होता. स्वयंपाकघराच्या मागच्या दाराशी आमचा जुना पाटा-वरवंटा भिंतीला टेकवून ठेवलेला असतो. सकाळी दाराच्या उंबऱ्यावर ऊन येतं आणि पाटा सावलीत राहतो. उन्हात पितळी तांब्या ठेवला, मध्ये आईला बसवलं, कॅमेरा स्टँडवर लावला. मग ४००, ८००, १६०० अशी तीन चित्रं, एक कोरी फ्रेम, पुन्हा तीच तीन चित्रं, असं रोल संपेपर्यंत. अंधाऱ्या पिशवीत रोलचे तीन तुकडे केले. एक साडेसात मिनिटं धुतला, एक साडेदहा, एक १४, तिन्ही २० अंशाला, त्या दिवशी बर्फ जरा जास्त लागला. वाळल्यावर तिन्ही पट्ट्या पांढऱ्या कागदावर शेजारी ठेवल्या आणि भिंगातून पाहिल्या.

तांब्या तुकड्यागणिक गडद होत गेलेला, १४ मिनिटांच्या ४०० च्या फ्रेमवर तर त्याची कड हरवलेली. आईचा चेहरा साडेसात मिनिटांच्या ४०० वर जसा आहे, साधारण तसाच १४ मिनिटांच्या १६०० वर; त्यावर दाणे जास्त, नाकाशेजारची सावली खोल. मग पाटा पाहिला. त्याला छिन्नीने टाकी लावलेली आहे, त्या बारीक घावांच्या रांगा हाताला लागतात. ४०० च्या फ्रेमांवर त्या रांगा तिन्ही तुकड्यांत मोजता येतात. ८०० वर नेहमीच्या वेळेला अंधूक, १४ मिनिटांना किंचित बऱ्या. १६०० च्या फ्रेमांवर तिन्ही तुकड्यांत पाट्याच्या जागी फिल्म कोरी आहे.